बर्फ पडायच्या आत: मिनेसोटात घरावर दिव्यांच्या माळा लावून घेताना

मिनिआपोलिस–सेंट पॉलच्या परिसरात नवं घर घेतलंय, पहिली दिवाळी तोंडावर आलीय आणि दुमजली छपराच्या कडेने माळ लावायची हौस आहे, तर शिडी विकत घ्यायच्या आधी हे वाचा. इथे हे काम करणाऱ्या कंपन्या आहेत. उन्हाळ्यात त्या खिडक्या धुतात, हिरवळ कापतात. ऑक्टोबर उजाडला की माळा लावायला लागतात. पण माळ लावणं हे त्यातलं सोपं काम. तुम्ही खरे पैसे मोजता ते पुढच्या दोन गोष्टींसाठी: जानेवारीत उणे वीस सेल्सिअसला अर्धी माळ विझली तर कोण येणार, आणि छपराच्या कडेला बर्फ गोठलेला असताना ती माळ कोणी, कधी उतरवायची. भाव विचारताना नेमकं हेच विचारायचं राहून जातं.

१. बोलावणं सप्टेंबरमध्ये

कंपन्यांची खरी झुंबड ऑक्टोबरच्या शेवटापासून थँक्सगिव्हिंगपर्यंत असते. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आणि थँक्सगिव्हिंग २६ नोव्हेंबरला आहे, म्हणजे आपली दिवाळी त्या गर्दीच्या ऐन मधोमध. ऑक्टोबरच्या शेवटी फोन केलात तर "थँक्सगिव्हिंगनंतर बघू" हे उत्तर मिळण्याची तयारी ठेवा. सप्टेंबरमध्ये ठरवलंत तर ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातली तारीख सहज मिळते, आणि त्या दिवसांत बऱ्याच कंपन्या लवकर लावणाऱ्यांना सवलतही देतात. त्यांना हातातली माणसं कामाला लावायची असतात. माळ लावून ठेवायची, पेटवायची वसुबारसेला.

लवकर लावण्यामागे हवामानाचंही कारण आहे. थंडीत वायरचं प्लास्टिकचं आवरण ताठ होतं, गुंडाळीतून सोडवली तरी सरळ बसत नाही आणि दिवे वाकडेतिकडे बघत राहतात. क्लिपा कडाक्याच्या थंडीत बोटाच्या दाबाने तुटतात. छपरावरचे डांबरी शिंगलसुद्धा (एकावर एक बसवलेले पातळ तुकडे) गारठले की ठिसूळ होतात; क्लिप खाली सरकवायला कोपरा उचलला तर तडकतो. शिवाय नोव्हेंबरात सकाळी छपरावर दव गोठलेलं असतं, त्यामुळे शहाणा कामगार दहा वाजेपर्यंत वर चढत नाही. दिवस आधीच लहान, त्यात कामाचे तास आणखी कमी.

आणि जमीन. वाटेच्या कडेला खुंट्यांवर दिवे लावायचे असतील तर त्या खुंट्या जमीन गोठण्याआधी ठोकायला हव्यात. एकदा जमीन गोठली की प्लास्टिकची खुंटी मोडते, जमिनीला काही होत नाही.

२. भाव विचारण्याआधी स्वतः माप काढा

छपराच्या कडेच्या माळेचा भाव लांबीच्या फुटावर असतो. माप तुमच्याकडे असेल तर तीन कंपन्यांचे आकडे एका तराजूत टाकता येतात; नसेल तर प्रत्येकाचं माप वेगळं आणि तुलना फुकट.

आडव्या कडा जमिनीवरूनच टेपने मोजा, भिंतीच्या पायथ्याने चालत. गल्लत होते ती त्रिकोणी दर्शनी भागात, ज्याला इथे गेबल म्हणतात. त्याची तिरकी बाजू पायापेक्षा लांब असते आणि किती लांब ते उतारावर ठरतं. बारा इंच आडवं गेल्यावर छप्पर सहा इंच चढत असेल तर पायाच्या रुंदीला १.१२ ने गुणा. आठ इंच चढत असेल तर १.२० ने, बारा इंच, म्हणजे अगदी उभं छप्पर असेल तर १.४१ ने.

एका साध्या घराचा हिशोब असा. पुढची सरळ कड ४० फूट. गॅरेजवरचा गेबल २४ फूट रुंद, उतार आठ इंचांचा: २९ फूट. पोर्चची कड १४ फूट. दारावरचा छोटा उभा गेबल १० फूट रुंद: १४ फूट. एकूण ९७ फूट. फुटाला एक दिवा धरला तर शंभरेक दिवे. याशिवाय पोर्चच्या छपरावरून वरच्या छपरावर वीज न्यायला दिवे नसलेली जोडवायर लागते. तिचे पैसे वेगळे लावणार का, ते आधीच विचारा.

मापासोबत दोन गोष्टी बघून ठेवा. एक, वळचणीची पन्हळ. तिला इथे गटर म्हणतात. आपल्या रस्त्याकडेच्या गटाराशी तिचा संबंध नाही. तिच्यावर पानं अडवणारी जाळी किंवा झाकण असेल तर नेहमीची क्लिप बसत नाही, दुसऱ्या प्रकारची आणावी लागते. हे आधी सांगितलं नाही तर माणसं आल्या पावली परत जातात. दोन, घराबाहेरचे विजेचे आउटलेट किती आणि कुठे आहेत. प्रत्येकाचा फोटो काढून ठेवा.

झाडाच्या बुंध्याला माळ गुंडाळायची असेल तर तो हिशोब निराळा. एक फूट व्यासाच्या बुंध्याचा घेर ३८ इंच. सहा फूट उंचीपर्यंत तीन-तीन इंचांवर वेढे घेतले तर चोवीस वेढे, म्हणजे ७६ फूट माळ. सत्तर दिव्यांची, चार इंच अंतराची बारीक माळ सुमारे २३ फूट भरते, तेव्हा एका बुंध्याला चार माळा. फांद्याही हव्यात म्हटलं की हा आकडा कुठल्या कुठे जातो. झाडाची हौस महाग पडते ती इथे.

३. माळ कोणती

छपराच्या कडेला व्यावसायिक लोक बहुधा सी-९ एलईडी वापरतात: अंगठ्याएवढे फुगीर दिवे, स्क्रूने बसणारे, वायरवर दर १२ इंचांना एक सॉकेट. वायर मोठ्या रिळावर येते. ती घराच्या मापाने जागेवर कापतात आणि टोकाला दाबून बसवायचा प्लग लावतात. म्हणून गेबलच्या टोकावर उरलेल्या माळेचं भेंडोळं लोंबत नाही. सी-९ मध्ये प्रत्येक दिवा स्वतंत्र जोडलेला असतो, एक गेला तर एकच जातो. बारीक दिव्यांच्या माळेत दिवे गटागटाने एकामागे एक जोडलेले असतात. एकात बिघाड झाला की अख्खा गट अंधारात. झाडाझुडपांना बारीक माळ ठीक आहे, पंचवीस फुटांवरच्या छपराला नाही.

माळेवरचं यूएल या सुरक्षा तपासणाऱ्या संस्थेचं लेबल बघा. लाल असेल तर ती घराबाहेर चालते. हिरवं असेल तर फक्त आतली. भारतातून सुटकेसमधून आणलेल्या माळा इथे बाहेर लावू नका, आतही नको. त्या २३० व्होल्टच्या असतात, इथे वीज १२० व्होल्ट.

रंगाबद्दल एक मत. उबदार पांढरा, २,७०० ते ३,००० केल्विनचा घ्या. थंड पांढरा दुकानात झगझगीत वाटतो, पण बर्फावर त्याची झाक निळी पडते आणि घर दवाखान्यासारखं दिसतं. पुढच्या वर्षी माळ वाढवायची असेल तर त्याच बनावटीची घ्या, कारण दोन कंपन्यांचा 'उबदार पांढरा' शेजारी ठेवला की एक पिवळा, एक गुलाबी निघतो.

४. विजेचा हिशोब

सी-९ एलईडी दिवा साधारण अर्धा ते पाऊण वॉट खातो. ०.७ वॉट धरला तर शंभर दिव्यांना ७० वॉट. रोज सहा तास, साठ दिवस: २५ युनिट. युनिटला १६ सेंट धरले तर चार डॉलर. जुने काचेचे सी-९ दिवे प्रत्येकी ७ वॉटचे. तेवढ्याच माळेला ७०० वॉट आणि चाळीस डॉलर. शिवाय १५ अँपिअरच्या एका सर्किटवर १,८०० वॉट मावतात खरे, पण तासन्‌तास चालणाऱ्या भाराला त्याच्या ८० टक्केच, म्हणजे १,४४० वॉट वापरायचे असतात. एलईडीने ही चिंता जवळपास मिटवली. तरी त्याच सर्किटवर गॅरेजमधला हीटर आहे का, ते पाहा.

हिवाळ्यात माळ विझते ती बहुधा भारामुळे नव्हे, ओलाव्यामुळे. बाहेरच्या आउटलेटला जीएफसीआय असतो. सुमारे ५ मिलिअँपिअर वीज भलतीकडे गळाली की तो सर्किट तोडतो. दुपारी ऊन पडलं, बर्फ वितळला, पाणी प्लगमध्ये शिरलं, की संध्याकाळी घर काळं. उपाय साधे आहेत. प्लगची जोडणी जमिनीवर पडू द्यायची नाही, खुंटीला किंवा भिंतीला उचलून बांधायची. दिवा नसलेलं सॉकेट उघडं ठेवायचं नाही. वायरच्या टोकाच्या प्लगला टोपी हवी. आउटलेटवर प्लग लावलेला असतानाही बंद होणारं फुगीर झाकण हवं. आणि जोडणीला चिकटपट्टी गुंडाळू नका. पाणी कुठून तरी आत जातंच. पट्टी त्याला बाहेर पडू देत नाही.

छपराच्या पुढे आलेल्या भागाखाली आउटलेट असेल तर निम्मी कटकट संपते, आणि आतून बटण असेल तर सोन्याहून पिवळं. असं आउटलेट बसवायचं काम मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनचं, माळवाल्यांचं नाही. परवाना मिनेसोटाच्या लेबर अँड इंडस्ट्री विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

५. कंपनी पारखणं

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दारावरही विक्रेते येतात. "शेजारच्यांचं करतोय, आजच सही केली तर सूट" असं म्हणणाऱ्याकडून लिखित भाव घ्या आणि दार लावा. सही करून बसलात तरी सुटका आहे: घरी येऊन केलेल्या २५ डॉलरवरच्या विक्रीला फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार कामकाजाच्या तीन दिवसांत रद्द करता येतं.

पहिला प्रश्न विम्याचा. "आमचा विमा आहे" हे वाक्य पुरेसं नाही. विम्याचं प्रमाणपत्र मागा, तेही त्यांच्या विमा एजंटकडून थेट तुमच्या ईमेलवर. मुदत माळ उतरवण्याच्या तारखेपर्यंत आहे का, ते वाचा. त्यात दोन गोष्टी हव्यात: तुमच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी जनरल लायबिलिटी आणि कामगारांसाठी वर्कर्स कॉम्पेन्सेशन. मिनेसोटात माणसं कामाला ठेवणाऱ्याला दुसरा विमा सक्तीचा आहे, पण एकटा मालकच शिडीवर चढत असेल तर तो त्या सक्तीत येत नाही. तो तुमच्या छपरावरून पडला तर प्रकरण तुमच्या घराच्या विम्यापर्यंत येऊ शकतं. स्वस्त भावाचं रहस्य बरेचदा इथे असतं.

दुसरा प्रश्न: माळ कशाने अडकवणार? उत्तर 'क्लिप' हेच हवं. खिळा किंवा स्टेपल असं ऐकलंत तर बोलणं तिथेच थांबवा. शिंगलमधल्या भोकातून वसंतात पाणी गळतं, छपराची वॉरंटी धोक्यात येते, आणि स्टेपल वायरच्या आवरणात घुसली की जीएफसीआय रोज पडतो.

तिसरा: माळ कोणाची? दोन पद्धती आहेत. एकीत माळ कंपनीची, तुम्ही मोसमापुरती भाड्याने घेता. लावणं, दुरुस्ती, उतरवणं, साठवणं सगळं भावात. दुसरीत माळ तुम्ही विकत घेता, पहिलं वर्ष महाग, पुढची वर्षं फक्त मजुरी. दुसरीत एक मेख असते: माळ तुमची पण गोदाम त्यांचं. कंपनी बदलली तर माळ परत मिळणार का, हे करारात लिहून घ्या. माळ तुमच्या घराच्या मापाने कापलेली असल्याने दुसऱ्या घराला तशी ती फारशी कामाची नाही. घर दोन-तीन वर्षांत बदलणार असाल तर भाड्याचीच बरी.

भाव फुटामागे ५ ते १२ डॉलरच्या आसपास पडतो. उंच, उभ्या छपराचा जास्त. वरच्या घराला ८ डॉलरने ७७६ डॉलर होतात. कमीत कमी इतक्या रकमेचं काम असेल तरच येऊ, अशीही बऱ्याच जणांची अट असते, म्हणून फक्त पोर्चपुरतं काम फुटाच्या हिशोबात बसत नाही.

टाउनहोममध्ये राहत असाल तर या सगळ्याआधी घरमालकांच्या असोसिएशनचे नियम वाचा. बाहेरची भिंत आणि छप्पर बरेचदा असोसिएशनच्या ताब्यात असतं. सजावटीच्या तारखा ख्रिसमस डोळ्यांसमोर ठेवून घातलेल्या असतात. दिवाळीसाठी महिनाभर आधी लावायची परवानगी ईमेलने मागा आणि उत्तर जपून ठेवा. बहुतेक वेळा हरकत नसते, फक्त कोणी विचारलेलं नसतं.

६. करारात काय लिहून घ्यायचं

तोंडी सगळेच गोड बोलतात. कागदावर हे हवं: किती फूट, कोणत्या कडा, कोणता दिवा आणि रंग, लावण्याची तारीख, बर्फ किंवा वारा आडवा आला तर पुढची तारीख, माळ विझल्याचं कळवल्यावर किती तासांत किंवा दिवसांत येणार आणि त्याचे वेगळे पैसे आहेत का, वादळाने, खारीने वायर कुरतडल्याने झालेलं नुकसान कोणाकडे (खारी खरोखर कुरतडतात), उतरवण्याची शेवटची तारीख. आगाऊ रक्कम निम्म्यापेक्षा जास्त देऊ नका, आणि कार्डाने द्या. रोख सगळे पैसे आधी दिले की फेब्रुवारीत फोन उचलायची कोणाला घाई नसते.

७. लावायच्या दिवशी

साध्या घराला दोन माणसं, दोन-तीन तास. शिडी लागेल तिथली कुंडी, खुर्ची हलवून ठेवा, कुत्रा आत घ्या. टायमर तेव्हाच लावून मागा. डिसेंबरात मिनिआपोलिसला सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि तारखेगणिक वेळ सरकते. म्हणून अंधार पडल्यावर स्वतः पेटून ठरावीक तासांनी विझणारा टायमर ठरावीक वेळेच्या टायमरपेक्षा सोयीचा. वायफायचा प्लग घेतलात तर तो घराबाहेर वापरण्याचाच हवा, आणि त्या कोपऱ्यापर्यंत २.४ गिगाहर्ट्‌झचं सिग्नल पोचतं का, ते फोनवर आधी बघा.

आकाशकंदिलाची सोय याच माणसांकडून करून घ्या. पोर्चच्या वाशाला आकडा आणि माळेच्या टोकाला एक जास्तीचा प्लग, पाच मिनिटांचं काम. कंदील मात्र कागदी नको. एका ओल्या बर्फात त्याचा लगदा होतो. कापडी किंवा प्लास्टिकचा घ्या, खालून एक दोरी बांधून वाऱ्याला आवरा.

पैसे चुकते करण्याआधी माळ अंधारात पेटवून बघा. दुपारी सरळ दिसलेली माळ रात्री कुठे झुकलीय, ते तेव्हाच कळतं. मग जोडण्या कुठे-कुठे आहेत त्याचे फोटो काढा. बर्फाखाली गेल्यावर त्या सापडणार नाहीत.

८. हिवाळाभर

माळ विझली की पहिलं काम आउटलेटवरचं रीसेट बटण. लगेच पुन्हा पडलं तर ओलावा आहे. एखादा कोरडा दिवस जाऊ द्या. तरीही पडत असेल तर फोन करा. स्वतः शिडी लावू नका: गोठलेल्या जमिनीवर शिडीचे पाय घसरतात.

बर्फ हटवण्याच्या यंत्राला जमिनीवरची वायर दिसत नाही. स्नोब्लोअरने गिळलेली वायर हा मोसमातला ठरलेला अपघात. ड्राइव्हवेच्या कडेला उंच खुणेच्या काठ्या रोवा आणि वायर त्यांच्या आत, हिरवळीच्या बाजूला ठेवा. बर्फ काढणारा माणूस वेगळा असेल तर त्यालाही दाखवा.

छपराच्या कडेचा बर्फ ओढायला लांब दांड्याचं रूफ रेक वापरत असाल तर माळेशी भांडण अटळ आहे. पन्हळीच्या बाहेरच्या ओठावर क्लिपा असतील तर कमी, शिंगलखाली असतील तर जास्त. ज्या घरात पोटमाळ्याची उष्णता वर गळते तिथे छपरावरचा बर्फ वितळून कडेला पुन्हा गोठतो, बर्फाचा बांध तयार होतो आणि माळ त्यात गाडली जाते. एलईडी गार असतात, ते हा बर्फ वितळवणार नाहीत. ती जागा आधीच ठाऊक असेल तर तिथे माळ लावू नका म्हणून सांगा.

९. उतरवणं

अमेरिकेची राष्ट्रीय विद्युत संहिता सणाच्या तात्पुरत्या रोषणाईला ९० दिवस देते. १ नोव्हेंबरला पेटवली तर ३० जानेवारीपर्यंत. पण त्या सुमाराला छपराच्या कडा बऱ्याचदा बर्फात असतात आणि गोठलेली वायर ओढली तर क्लिपेसोबत पन्हळही सुटून येते. म्हणून चांगली कंपनी उबदार दिवसाची वाट बघते. तोवर टायमर काढा आणि माळ प्लगमधून सोडवून ठेवा. करारात "हवामान पाहून, पण ३१ मार्चच्या आत" असं लिहिलेलं असलं की दोघांचंही भागतं. लवकर हवी असेल तर जानेवारीतल्या पहिल्या उबेची वाट न बघता ख्रिसमसनंतर लगेच नंबर लावा, कारण ऊन पडलं की सगळ्यांचेच फोन जातात.

माळ तुमची असेल तर ती उतरवताना प्रत्येक तुकड्याला चिठ्ठी लावून घ्या: 'गॅरेज गेबल, डावी बाजू', 'पोर्च'. चिठ्ठ्या नसतील तर पुढच्या ऑक्टोबरात त्याच ९७ फुटांची जुळवाजुळव करायला माणसं तासभर जास्त घेतात, आणि तो तास तुमच्या बिलात येतो. जमिनीतल्या खुंट्यांचं मात्र एप्रिलपर्यंत नाव काढू नका. त्या आता गोठल्या आहेत, ओढाल तर दिवा हातात येईल आणि खुंटी जमिनीतच राहील.